रडणाऱ्याला गप्प करायची घाई नको: धीर द्यायला जाणाऱ्या सर्वांना खुलं पत्र

प्रिय आप्तांनो, मित्रमैत्रिणींनो, शेजाऱ्यांनो आणि सहकाऱ्यांनो,

कुणावर वाईट प्रसंग ओढवला की तुम्ही हातातलं काम टाकून धावत जाता. मायेपोटी जाता, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. ज्यांना समोरच्याचं काहीच पडलेलं नसतं, त्यांना लिहून काय उपयोग?

मी समुपदेशक आहे. समोर बसलेली माणसं आपल्या दुःखाबद्दल बोलतात, आणि जवळपास तितकंच त्या दुःखावर लोक काय बोलले याबद्दल बोलतात. "त्यात काय एवढं?" "रडून का ते परत येणार आहे?" "मुलांकडे बघून तरी घट्ट राहा." "जे होतं ते भल्यासाठीच." "लोकांचं याहून वाईट होतं, आपलं थोडक्यात निभावलं." ही वाक्यं इतकी सवयीची झाली आहेत की बोलणारा ती घराबाहेर पडेपर्यंत विसरून जातो. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र ती वर्षानुवर्षं राहतात, कोण कुठे बसून काय म्हणालं होतं त्यासकट.

गर्भपात झालेल्या बाईचं उदाहरण घ्या. तिसरा महिना संपत आलेला, जवळच्या चारदोन माणसांना नुकतं सांगितलेलं. भेटायला आलेली पहिली बाई म्हणते, "अगं, अजून वय आहे तुझं, पुन्हा होईल." दुसरी म्हणते, "लवकर झालं ते बरं, पुढे जड गेलं असतं." तिसरी म्हणते, "पहिलं आहे ना घरात? त्याच्याकडे बघ." यातलं एकही वाक्य खोटं नाही. खरी अडचण हीच आहे, कारण खऱ्या वाक्याला उत्तर काय देणार? ती रडत असते ते या बाळासाठी. त्याची तारीख तिने मनात धरलेली असते, एखादं नावही योजून ठेवलेलं असतं. पुढे होणारं बाळ किंवा आधी झालेलं बाळ हे या बाळाच्या जाण्यावरचं उत्तर कसं असेल? मग ती मान हलवते, "हो, मी ठीक आहे" म्हणते, पाहुण्यांना बरं वाटेल असं थोडं हसतेही. सगळे गेल्यावर न्हाणीघरात जाऊन नळ सोडते आणि मग रडते. तिला धीर द्यायला आलेल्या प्रत्येकाला तिनेच धीर देऊन पाठवलेलं असतं.

दुःखाचा अभ्यास करणारे केनेथ डोका यांनी 1989 मध्ये अशा दुःखांची वेगळी मांडणी केली: ज्यांना समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही अशी दुःखं. पोटातच गेलेलं बाळ, घटस्फोट झालेल्या जोडीदाराचा मृत्यू, जगाला माहीत नसलेलं नातं तुटणं, पाळलेल्या प्राण्याचं जाणं. अशा माणसाला आधी आपल्याला रडायचा हक्क आहे हेच सिद्ध करावं लागतं. तुमचं एक "त्यात काय एवढं?" तो हक्क काढून घ्यायला पुरेसं असतं.

मग माणसं असं का बोलतात? कळत नाही म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही, आणि त्याला आधार आहे. डॅरिन लेहमन, जॉन एलार्ड आणि कॅमिल वॉर्टमन या मानसशास्त्रज्ञांचा 1986 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोटार अपघातात जोडीदार किंवा मूल गमावलेल्या लोकांना त्यांनी विचारलं, की त्या काळात कोणत्या गोष्टींनी आधार वाटला आणि कोणत्यांनी नाही. तसंच दुःख भोगलेल्या माणसांची भेट आणि मनातलं बोलायला मिळालेली मोकळीक यांनी आधार वाटला, असं लोकांनी सांगितलं. सल्ल्यांचा आणि "यातून आता बाहेर पड" या आग्रहाचा त्रास झाला. इथवर नवल नाही. पण संशोधकांनी असा प्रसंग न आलेल्या लोकांनाही विचारलं, की तुमच्या ओळखीत असं घडलं तर तुम्ही काय बोलाल? त्यांची उत्तरं बरीचशी योग्यच होती. म्हणजे घरी बसून विचार केला तर काय बोलावं ते आपल्याला कळतं. समोरासमोर आल्यावर ते सुचत नाही. त्या भेटीचा ताणच माणसाला चुकीचं बोलायला लावत असावा, असं त्या संशोधकांचं म्हणणं होतं.

माझा अनुभव याला पुरेपूर दुजोरा देतो. जवळचं माणूस हुंदके देत असताना आपल्याला ते बघवत नाही. आपलाही घसा दाटतो, हात कुठे ठेवावेत कळत नाही, आपण काहीतरी केलं पाहिजे असं वाटत राहतं आणि करण्यासारखं तर काहीच नसतं. ही अस्वस्थता लवकर संपावी म्हणून जे पहिलं वाक्य जिभेवर येतं ते आपण बोलून टाकतो. "शांत हो, शांत हो" असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचा अर्थ "मला हे सहन होत नाहीये" असाच असतो. त्यात वाईट काहीच नाही, ते माणूसपणाचंच लक्षण आहे. पण आपली अस्वस्थता शमवायचं काम आपण त्या रडणाऱ्या माणसावर टाकतो, आणि नेमकं त्या क्षणी त्याच्या अंगात तेवढं बळ नसतं. माझी विनंती एवढीच आहे: तोंड उघडण्याआधी मनाशी विचारा, हे वाक्य कुणाला बरं वाटावं म्हणून आहे? तिला, की मला?

आणि गप्प केल्याने रडू संपतं असंही नाही. एमिली बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये केलेल्या एका प्रयोगात एकमेकींना न ओळखणाऱ्या स्त्रियांच्या जोड्यांना मन विषण्ण करणारी फिल्म दाखवून त्यावर बोलायला सांगितलं होतं. काही जोड्यांतल्या एकीला आपल्या भावना चेहऱ्यावर दिसू न देण्याची सूचना होती. समोरच्या बाईला त्या सूचनेची कल्पना नव्हती, तरीही तिचा रक्तदाब जास्त वाढला आणि दोघींतला संवादही बिघडला. "घट्ट राहा" म्हणून आपण ज्याला दगड व्हायला लावतो, त्याच्या घरातल्या इतरांनाही तो दगड जाणवतच असतो. मुलांना तर फार लवकर जाणवतो.

मग करायचं काय? एक प्रसंग रंगवून सांगते.

मित्र फोन करतो आणि म्हणतो, "आज मला कामावरून काढलं." आपल्या ओठांवर लगेच येतं, "अरे, तुझ्यासारख्याला काय, उद्या दुसरी मिळेल!" ते वाक्य गिळा. म्हणा, "काय सांगतोस! कधी?"

"सकाळी. बोलावलं आणि दहा मिनिटांत सांगून मोकळे."

"दहा मिनिटांत?"

"हो रे. परत जागेवर गेलो तर माझा कॉम्प्युटर आधीच बंद केलेला. सामान भरत होतो तेव्हा सगळे खाली मान घालून बसलेले. आठ वर्षं बरोबर काढली, एकजण उठला नाही."

आता कळलं, त्याला काय लागलंय ते. पगाराची काळजी असेलच, ती उद्या डोकं वर काढेल. आज त्याला झोंबतंय ते खाली मान घालून बसलेल्या माणसांचं गप्प राहणं. "उद्या दुसरी मिळेल" म्हणाला असतात, तर तो "हो, बघू" म्हणाला असता आणि ती गोष्ट तुमच्यापर्यंत कधी पोचलीच नसती. तुम्ही नोकरीबद्दल धीर दिला असता आणि अपमान तसाच राहिला असता. इथे तुम्ही फक्त त्याचेच दोन शब्द त्याला परत विचारलेत. एवढंही पुरतं. आणि मग म्हणता येतं, "एकजणही उठला नाही, हे फार लागलं असणार तुला."

भावनेला असं नाव दिल्याने ती चिघळेल, अशी भीती अनेकांना वाटते. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांच्या 2007 च्या एका प्रयोगात लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून त्यांच्या मेंदूतल्या हालचाली टिपल्या होत्या. चेहऱ्यावरच्या भावनेसाठी शब्द निवडताना मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची वर्दी देणाऱ्या भागाची, हालचाल कमी झालेली दिसली. प्रयोगशाळेतल्या चित्रांवरून आयुष्यातल्या दुःखाबद्दल फार मोठा निष्कर्ष काढू नये हे मलाही मान्य आहे. पण "राग आलाय का?" असं हळूच विचारल्याने कुणाचा राग भडकल्याचं मी तरी फारसं पाहिलेलं नाही. फक्त तो प्रश्नच असू द्या, निष्कर्ष नको. "राग नाही गं, भीती वाटतेय" असं समोरून आलं तर तुमचा अंदाज चुकला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या चुकलेल्या अंदाजामुळेच तिला तिचा नेमका शब्द सापडलेला असतो.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. "मग काय, ती म्हणेल त्याला हो म्हणायचं? ती स्वतःला दोष देत बसली तरी?" नाही. भावना मान्य करणं आणि त्या भावनेतून काढलेला निष्कर्ष मान्य करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रागाने धुमसणाऱ्या भावाला "तुला राग येणं साहजिक आहे" म्हणता येतं आणि त्याच दमात "पण आत्ता त्याच्या घरी जायचं नाही, दादा" असंही म्हणता येतं.

अपराधीपणाची गोष्ट अधिक नाजूक आहे, म्हणून तिथे जरा थांबते. समजा, एका मुलीची आई रुग्णालयात रात्री वारली आणि त्या रात्री ही मुलगी घरी झोपायला आली होती. ती म्हणत राहते, "मी घरी आले नसते तर..." सगळे एकमुखाने सांगतात, "छे छे, तुझी काय चूक! असं मनातसुद्धा आणू नकोस." तिने मनात आणलेलंच असतं. आता तिला एवढंच कळतं, की हे इथे बोलायचं नाही. तिच्या जवळ बसून म्हणून बघा, "ती रात्र डोळ्यांपुढून हलतच नसेल तुझ्या." ती रात्र तिला सांगू द्या. किती वाजता निघाली, आई काय म्हणाली, फोन कधी वाजला. दोनदा सांगेल, तीनदा सांगेल. आणि कधीतरी, घाई न करता, विचारा, "त्या संध्याकाळी डॉक्टर काय म्हणाले होते?" ती थांबेल आणि सांगेल, "म्हणाले, आज स्थिर आहेत, तुम्ही तीन रात्री झोपला नाहीत, घरी जा." तुम्ही शंभर वेळा सांगून जे तिला पटलं नसतं, ते तिने स्वतः आठवून सांगितलेलं असतं. त्यावर टिप्पणी करायचा मोह आवरा. ते वाक्य तिच्यापाशीच राहू द्या.

नुसतं ऐकून सगळं बरं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ बर्नार रिमे यांनी आयुष्यभर याच प्रश्नाचा अभ्यास केला. फ्रेडरिक निल्स यांच्यासह त्यांनी 2012 साली मांडलेला निष्कर्ष आपल्या सर्वांनी लक्षात ठेवावा असा आहे. कुणी मायेने, समजून घेऊन ऐकलं की माणसाला बरं वाटतं, एकटेपणा कमी होतो, ऐकणाऱ्याशी जवळीक वाढते. पण त्या प्रसंगाची मनावरची पकड सैल व्हायला त्याकडे वेगळ्या नजरेने बघायला मदत करणारं बोलणंही लागतं. तेच तेच उगाळत दोघांनी मिळून रडत राहण्याने माणूस आणखी खोल जाऊ शकतो. म्हणजे "याकडे असंही बघता येईल" हे तुमचं वाक्य मुळात चुकीचं नाही, त्याची वेळ चुकते. पहिल्या पाच मिनिटांत ते उडवून लावल्यासारखं वाटतं. पुरेसं ऐकून झाल्यावर, तिने स्वतःच "मी आता काय करू?" म्हटल्यावर, त्याच वाक्याचा आधार होतो. सल्ला द्यायचाच असेल तर आधी विचारा: "तुला नुसतं बोलायचंय, की काय करता येईल ते दोघी मिळून बघू या?" इतका साधा प्रश्न इतके थोडे लोक विचारतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

स्वतःची कहाणी सांगण्याबद्दलही थोडं. "मीही यातून गेलोय" हे वाक्य कधी कधी खरोखर हात धरल्यासारखं असतं. अपघातात माणूस गमावलेल्या लोकांनी समदुःखी माणसांच्या भेटीचा आधार वाटल्याचं सांगितलं, ते उगाच नाही. पण त्या वाक्यानंतर तुम्ही थांबलात तरच. पुढची वीस मिनिटं तुमचं ऑपरेशन, तुमचा दवाखाना आणि तुमचे डॉक्टर निघाले, की भेटायला तुम्ही आलात आणि ऐकून घ्यायची पाळी तिच्यावर आली. आणि दुःखांची तुलना तर कुणीच, कधीच करू नये. दुसऱ्याचा पाय मोडला म्हणून आपला ठेचकाळलेला अंगठा दुखायचा थांबत नाही.

काही माणसांना बोलायचंच नसतं. त्यांना बोलतं करायचा विडा उचलू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये इतर संस्थांबरोबर मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली, तिचं सूत्र "पाहा, ऐका, जोडून द्या" असं आहे. बोलायला भाग पाडू नका, असं ती स्वच्छ सांगते. "तुला असं वाटायला नको" आणि "तू वाचलास हे नशीब समज" ही वाक्यं ती टाळायला सांगते. मोठ्या आपत्तीत सर्वस्व गमावलेल्या माणसांशी बोलतानाचा हा नियम आपल्या बैठकीच्या खोलीतही तितकाच लागू आहे. न बोलणाऱ्या माणसाजवळ नुसतं बसता येतं. त्याच्या घरचं एखादं काम अंगावर घेता येतं. "काही लागलं तर हक्काने सांग" असं म्हणून आपण निघतो, पण मागायचं काय आणि कुणाकडे हे ठरवायचं ओझं पुन्हा त्याच्याच डोक्यावर ठेवून निघतो. "उद्या सकाळी मुलांना शाळेत मी सोडते, साडेसातला येते, चालेल?" असं विचारा. "नको" म्हणाला तर त्याचाही मान राखा.

"किती दिवस चालायचं हे?" हा प्रश्न तर मनातूनच काढून टाका. दुःखाचे पाच टप्पे असतात आणि माणूस ते क्रमाने ओलांडतो, असं सर्रास सांगितलं जातं. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये ते टप्पे मांडले ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यावरून. मागे राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक नव्हतं. "तू अजून दुसऱ्याच टप्प्यावर आहेस" असं कुणाला म्हणणं निव्वळ क्रूर आहे. लांबलेल्या दुःखाला आजार म्हणताना वैद्यकशास्त्रसुद्धा थांबतं: जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार किमान सहा महिने, आणि अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निकषांनुसार प्रौढांसाठी किमान बारा महिने उलटल्याशिवाय तसं निदान करत नाहीत. मग पंधराव्या दिवशी "अजून तेच?" विचारणारे आपण कोण?

एका बाबतीत मात्र थांबू नका. "जगण्यात काही राम नाही", "मी नसलो तर सगळे सुटतील" असं कानावर आलं, तर "असं अभद्र बोलू नकोस" म्हणून विषय तोडू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का मनात?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर एकटं सोडू नका, घरातल्या विश्वासाच्या माणसाला सांगा, डॉक्टरांकडे किंवा हेल्पलाइनपर्यंत स्वतः बरोबर जा. हे गुपित ठेवायचं वचन कुणालाही देऊ नका.

आणि शेवटची विनंती. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात फोन वाजायचे थांबतात, आणि बहुतेक माणसं माझ्याकडे येतात ती त्या सुमाराला. तेव्हा जा. गेलेल्या माणसाचं नाव घेतलं तर जखमेवरची खपली निघेल म्हणून आपण ते टाळतो. घरच्यांना मात्र आपलं माणूस सगळ्यांच्या बोलण्यातूनही गेलं असं वाटत राहतं. "तुझ्या बाबांची आज आठवण आली" असं म्हणा. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल, नसेल तर विषय बदलेल. ते तिलाच ठरवू द्या. जाण्याआधी फोन करून विचारा, आज येऊ का, की दुसऱ्या कुठल्या दिवशी येऊ. ती "आज नको" म्हणाली, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.

तुमची,
एक समुपदेशक